चौथी गोळी घेऊ नका

पुणे, रविवार

ति. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

फोनवरच बोलले असते, पण बाबा "बरंय गं, ठेव" म्हणतात आणि फोन आईकडे जातो. म्हणून कागद. आई, हे त्यांना वाचून दाखव, मधलं गाळू नकोस.

बाबा, मेडिकलमधून आणलेल्या त्या बारीक पांढऱ्या गोळ्या म्हणजे स्टेरॉइड. तीन गोळ्यांत गुडघा उतरला, तुम्ही माडीवर चढून आलात, असं आई कौतुकानं सांगत होती. मला मात्र धडकी भरली. चौथी घेऊ नका.

तुमचा रिपोर्ट मी तीनदा वाचला. पांढऱ्या पेशी 11,200, त्यात इओसिनोफिल नावाच्या पेशी 24 टक्के. गुणाकार केला तर 2,688 होतात, एरवी 500च्या आत असतात. मी लॅबमध्ये दिवसभर परक्यांच्या रक्ताच्या काचा बघते. शंभर पेशी मोजल्या की या दोन-चार भेटतात, नारिंगी दाण्यांनी भरलेल्या, सगळ्यांत देखण्या. तुमच्या रक्तात जवळजवळ दर चौथी पेशी तीच. मोतीबिंदूच्या वेळचा रिपोर्ट काढून पाहिला, तेव्हा 3 टक्के होत्या.

एका डॉक्टरनं वात म्हटलं, दुसऱ्यानं युरिक ॲसिड वाढलंय म्हणून ते कमी करायची ॲलोप्युरिनॉल गोळी दिली. आरए फॅक्टर, म्हणजे संधिवाताची रक्ततपासणी, निगेटिव्ह आहे, युरिक ॲसिड 5.4, म्हणजे नॉर्मल. गंमत म्हणजे काही जणांत ॲलोप्युरिनॉलनंच या पेशी वाढतात. पण गुडघा आणि मनगट सुजलं ते गोळीच्या आधी, त्यामुळे सगळं तिच्यावर ढकलता येत नाही. ती पट्टी डॉक्टरांना नक्की दाखवा.

आता खरं भय सांगते. या पेशी वाढायचं एक जुनं कारण म्हणजे जंत. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा एक बारीक जंत ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो. बाबा, लाईट रात्रीची म्हणून मध्यरात्री उसाला पाणी पाजायला जाता, चिखलात चप्पल रुतते म्हणून बांधावर काढून ठेवता. चाळीस वर्षं. हा जंत आतच वाढत राहतो, माणसाला पत्ता नसतो. आणि तो असताना स्टेरॉइड पोटात गेलं, तर तो अंगभर पसरू शकतो, जिवावर बेतू शकतं. शिवाय स्टेरॉइडनं या पेशी झटकन कमी होतात, मग रिपोर्ट चांगला दिसतो आणि आपण फसतो.

जंतच असतील असं मी म्हणत नाही. ॲलर्जी असेल, औषध असेल, दुसरा एखादा आजार असेल. कदाचित सगळ्या तपासण्या करूनही नाव सापडणार नाही. सापडलं नाही तर तुम्ही चिडाल, मला माहीत आहे. चिडा, पण तपासण्या करा. कारण सापडलं नाही, तर जंत नाहीत हे बघून मग डॉक्टर स्वतः स्टेरॉइड देतीलही. तेव्हा मी अडवणार नाही.

सांगलीच्या डॉक्टरांशी बोलले. गुडघ्यातलं पाणी सुईनं काढून तपासतील, त्यात याच पेशी आहेत का, खडे आहेत का ते कळेल. शौचाची तपासणी तीन वेगवेगळ्या दिवसांची लागते, कारण हा जंत एका वेळेला सहज हुकतो. तीन गोळ्या घेतल्याचं आधी सांगा, लपवू नका. ताप आला, धाप लागली किंवा पोटात फार दुखलं, तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता निघा.

आई, हळदीचा लेप लाव, त्यानं काही बिघडत नाही. फक्त सुई टोचायच्या दिवशी गुडघा स्वच्छ हवा.

मी शुक्रवारी रात्री निघते, सकाळी आष्ट्याला उतरेन. सांगलीला आपण तिघं जाऊ. तोवर बाबांच्या गमबुटांची पेटी उघडा. दोन वर्षांपूर्वी मी दिलेले, अजून तसेच आहेत ना?

आणि बाबा, शौचाच्या तपासणीच्या डब्यांवर नाव आणि तारीख बॉलपेननं लिहा. पेन्सिलीचं पुसतं, मग आमच्यासारख्या लॅबवाल्यांना फोन करत बसावं लागतं.

तुमची,
ताई