बंद यंत्रावर झालेली परीक्षा: उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सविनय नमस्कार.

एका अभियांत्रिकी महाविद्यालयात नुकतीच स्थापत्य शाखेची काँक्रीटची प्रात्यक्षिक परीक्षा झाली. काँक्रीटचे क्यूब, म्हणजे ठोकळे, दाबून फोडायचे यंत्र, म्हणजे सीटीएम, सत्राच्या सुरुवातीपासून बंद आहे. पंपातून तेल गळते. 'पुढच्या सत्राआधी दुरुस्त करू' हे गेल्या वर्षीचे लेखी आश्वासन फायलीत पडून आहे. तरीही परीक्षा झाली, गुण पडले, सह्या झाल्या. सगळ्यांच्या जर्नलमध्ये तेच तीन आकडे: 600, 605, 610 किलोन्यूटन. आधीच्या बॅचच्या जर्नलवरून जसेच्या तसे उतरवलेले.

असे आकडे तिथेच का खटकायला हवे होते, ते सांगतो. एम 20 दर्जाच्या काँक्रीटच्या 150 मिमी क्यूबला दर चौरस मिमीला 20 न्यूटन ताकदीसाठी 450 किलोन्यूटन भार लागतो आणि मिक्स डिझाइन, म्हणजे सिमेंट-वाळू-खडी-पाण्याचे प्रमाण, नीट केले असेल तर साधारण 600. म्हणजे आकडा बरोबर दिसतो. पण विद्यार्थ्यांच्या हातचे तीन क्यूब इतके जवळजवळ फुटत नाहीत. काँक्रीटचे भारतीय मानक आयएस 456 सुद्धा सरासरीच्या 15 टक्के वर-खाली चालवून घेते. साच्यात तीन थर, प्रत्येक थराला 35 ठोके, दुसऱ्या दिवशी साचा सोडायचा, मग क्यूब 28 दिवसांचा होईपर्यंत 27 अंशांच्या आसपासच्या पाण्यात. यंत्रावर ठेवताना ओतलेली खडबडीत बाजू वर ठेवली तर भार एकसारखा बसत नाही आणि क्यूब लवकर फुटतो. भार सेकंदाला साधारण सव्वापाच किलोन्यूटनने वाढवायचा. घाईने वाढवला तर ताकद खोटी जास्त दिसते. हे हाताने केलेला मुलगाच उद्या साइटवर ठेकेदाराने पुढे केलेल्या रिपोर्टवर बोट ठेवू शकतो. ज्याने जर्नल उतरवले, तो रिपोर्टवरही तशीच सही करणार.

माती प्रयोगशाळेत याहून वाईट स्थिती आहे, आणि तिथे तर पैशाची सबबही चालत नाही. मराठवाडा-विदर्भात रस्ते उचलले जातात, घरांच्या भिंती तडकतात, त्याला काळी माती कारण आहे. ती किती फुगते हे पाहायला 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली 10-10 ग्रॅम माती, 100 मिलीचे दोन मोजपात्र, एकात ऊर्ध्वपातित पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल लागते. हवा बाहेर काढून 24 तास ठेवायचे आणि दोन्ही पातळ्या वाचायच्या. प्रात्यक्षिक आठवड्यातून एकदा, दोन तासांचे. दुसऱ्या दिवशी लॅब उघडून वाचन घ्यायला माणूस नाही. म्हणून त्याच दुपारी वाचन लिहून टाकतात, फुगवटा कमी येतो आणि मुलांचा समज होतो की ही माती इतकी काही धोकादायक नाही. लिक्विड लिमिटचेही, म्हणजे किती पाण्याला माती पातळ होऊ लागते त्या चाचणीचेही, तेच: चिकण मातीचा लगदा रात्रभर मुरू द्यावा लागतो, तो पाच मिनिटांत कपात भरला जातो. वीस जणांच्या बॅचला या चाचणीचे एकच कॅसाग्रांडे उपकरण असेल तर चौघे हाताळतात, बाकीचे उभे राहतात.

सांडपाण्याच्या बीओडीला, म्हणजे त्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात ते मोजायला, आपल्याकडे 27 अंशांवर तीन दिवस लागतात. गुरुवारी भरलेली बाटली रविवारी उघडावी लागते, रविवारी कुलूप. मध्येच वीज गेली की इन्क्युबेटरचे तापमान ढासळते, जनरेटर नाही. हे वेळापत्रकाचे साधे गणित आहे. बीओडीची बॅच सोमवारी, मंगळवारी किंवा शुक्रवारी लावली तरी अर्धा प्रश्न सुटतो. तेवढेही कोणी करत नाही.

भूगर्भशास्त्र तर खोक्यातल्या चिठ्ठी लावलेल्या नमुन्यांवरच उरकते. आपल्या घाटांत बेसाल्टच्या दोन थरांमध्ये मऊ तांबडा थर असतो. पाणी लागले की तो चिखलासारखा होतो आणि वरच्या कठीण खडकाचा आधार जातो. धरणाचा पाया, बोगदा किंवा रस्त्याचा काप करणाऱ्याने हा थर हाताने खरवडून पाहिलेला असायलाच हवा. दरडी कोसळून गावे गेली: माळीण 2014, तळीये 2021, इर्शाळवाडी 2023. एवढे होऊनही बसभाड्याला मंजुरी नाही म्हणून क्षेत्रभेट रद्द होते आणि अहवाल मात्र जोडला जातो.

आता शिकवणाऱ्यांबद्दल. 20 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हा अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा निकष. प्रत्यक्षात कायम पदे रिकामी ठेवून तासिका तत्त्वावर माणसे घेतली जातात. तास झाला तर पैसे, तेही महिनोन्‌महिने थकलेले. सुट्टीत काही नाही. जर्नल तपासणे, यंत्र पुसणे, माती वाळत घालणे यांचा तास धरला जात नाही. मी स्वतः असाच शिक्षक आहे, माझ्यासारखे प्रत्येक जिल्ह्यात आहेत. सत्र संपले की आम्ही घरी, क्यूब पाण्यात ठेवायची क्युरिंगची टाकी कोरडी आणि 28 दिवसांचे क्यूब मधल्या मधे वाया. लॅब असिस्टंट निवृत्त झाला की ती जागा भरतच नाही.

साहेब, हे तुमच्या खात्याला माहीत नाही असे म्हणू नका. तपासणी समितीच्या आदल्या आठवड्यात उपकरणे कुठून येतात आणि नंतर कुठे जातात, हे शिपायालाही ठाऊक असते. 2024-25 पासून प्रवेशक्षमतेवरची मर्यादा उठली. जिथे संगणकाच्या तुकड्या वाढतात तिथे खोल्या आणि पैसाही तिकडेच वळतो, आणि सिव्हिलची लॅब अडगळ होते. ज्या पुण्यात 1854 साली सार्वजनिक बांधकामासाठी माणसे घडवायला वर्ग सुरू झाला, त्या राज्यात ही अवस्था आहे. पूल पडला की चौकशी समिती नेमता, कनिष्ठ अभियंत्याला निलंबित करता. त्याला चार वर्षांत एक क्यूब तरी फोडू दिला होता का, हे कोणत्या समितीने विचारले?

मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाने ओतलेला क्यूब आणि तो फोडतानाची तारीख-वेळेसह नोंद सक्तीची करा. सीटीएम आणि वजनकाट्यांचे कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकता तपासल्याचे, प्रमाणपत्र प्रयोगशाळेच्या दारावर लावायला सांगा. ते नसेल तर त्या प्रयोगाची परीक्षा घेऊ नका. लॅब असिस्टंटची पदे आधी भरा. एका क्षेत्रभेटीचा खर्च शुल्कातून राखून ठेवा. आणि समिती पाठवणार असाल तर न कळवता पाठवा, कागद मागू नका. समोर येईल त्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाला स्लम्प कोन, म्हणजे ओल्या काँक्रीटचा घट्टपणा पाहायचा शंकूसारखा साचा, भरायला सांगा. पुढच्या सत्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेआधी यातले काय झाले, त्याचे उत्तर जाहीरपणे द्या.

आपला,
तासिका तत्त्वावरील एक स्थापत्य अभियांत्रिकी शिक्षक