पत्रिकेतलं नाव

कोल्हापूर, रविवार

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल रात्री सूनबाईचा फोन आला. कंपनीच्या तपासणीत तुझं बीपी १६०/१०० निघालं, पुन्हा मोजलं तरी तेवढंच. तू तिला ‘घरी सांगू नकोस’ म्हणालास म्हणे. तिच्यावर चिडू नकोस, तिनं बरोबर केलं.

तब्येतीचं दोन ओळीत लिहायचं आणि लग्नाचा विषय काढायचाच नाही, असं ठरवून लिहायला बसलो. पण मला या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

पत्रिकेत तुझं नाव दादाच्या मेहुण्याच्या खाली छापलं गेलं. ते चुकलंच. तू सख्खा काका, कार्यालयाचा निम्मा खर्च तू उचललास. दादाला मी हे तोंडावर सांगितलंय. पण अक्षता पडल्या आणि तू न जेवता गाडी काढलीस. पोरगी मुंडावळ्या सावरत ‘काका कुठं गेले?’ म्हणून चारचौघांत विचारत होती. तुझ्या आईनं तुझं पान वाढून ठेवलेलं, ते चार वाजेपर्यंत कुणाला उचलू दिलं नाही. तेव्हापासून तू दादाचा फोन घेत नाहीस, आणि सूनबाई म्हणते, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा असतोस.

आपल्या डॉक्टरांना मी सकाळीच गाठलं. ते म्हणाले, अपमान झाला असं मनानं घेतलं की शरीर मारामारीच्या तयारीला लागतं. ॲड्रेनॅलिन सुटतं, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात, पाठोपाठ कॉर्टिसोल वाढतं. समोरचं भांडण मिटलं की हे सगळं उतरतं. पण रात्री अंथरुणात तोच प्रसंग पुन्हा उगाळला, की शरीराला वाटतं भांडण आत्ताच चाललंय. दादा इकडं घोरत पडलेला असतो आणि तू तिकडं त्याच्याशी भांडत असतोस. सोसतं कुणाला? तुझ्याच काळजाला.

राग सोडला म्हणजे गोळी नको, असं मात्र मी म्हणत नाही. आपल्या घराण्यातच हा आजार आहे, त्यात तुझं जागरण आणि जेवताना वरून मीठ घ्यायची सवय. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ असावं म्हणतात, म्हणजे चमचाभरसुद्धा नाही. बीपी दुखत नाही, खुपत नाही, आतल्या आत मेंदू, हृदय, किडनी पोखरतं. तेव्हा डॉक्टरांनी गोळी दिली तर ती चालू ठेव, बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करू नकोस.

झालं माझं मास्तरकीचं सुरू. पन्नाशीला आलेल्या मुलाला मीठ किती खावं ते सांगतोय. माफ कर.

पण तुझ्या आजोबांचं मी डोळ्यांनी पाहिलंय. हातभर बांधासाठी ते थोरल्या भावाशी बोलायचे बंद झाले. शेतातून आले की चेहरा लालबुंद, ताट सरकवून द्यायचे. कुणी समजूत घालायला आलं की एकच, ‘आधी त्यानं यावं.’ मग अर्धांगवायूचा झटका आला. दवाखान्यात एका हातानं कोपरीची गुंडी लावायची धडपड करत होते, लागेना. थोरले आजोबा दारात उभे राहून बघत होते. ते आत आले, काही न बोलता गुंडी लावली आणि खाटेवर टेकले. आजोबा भिंतीकडं तोंड करून रडले. हात पुन्हा कधी चालला नाही, पण त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली. मी खाली सतरंजीवर होतो, म्हणून सांगतो. बांध आहे तिथंच आहे.

तू असा नव्हतास रे. शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेल्या त्या खासबाग मैदानात तुला खांद्यावर घेऊन जायचो. चितपट झालेला पैलवान उठून जिंकलेल्याला मिठी मारायचा, तेव्हा तू विचारलंस, ‘आबा, हा हरला तरी रुसला नाही होय?’ आणि २०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या दुकानात कमरेएवढ्या पाण्यात तू आणि दादा पोती माळ्यावर चढवत होता. कोण वर, कोण खाली, याचा हिशेब तेव्हा कुणी ठेवला नाही. त्या दिवशी तुम्हा दोघांकडं बघून मला केवढं भरून आलं होतं, हे तुला कधी बोललो नाही.

दादाला हेच पत्र वाचून दाखवणार आहे. त्यानं माफी मागावी असं मला वाटतं, आणि तो मागेलही. पण तो कधी मागतो याची वाट बघत तू जागू नकोस. नऊला दुकान बंद करून तो घरी येतो. पुढचं तुझं तू बघ.

आईचे आशीर्वाद. गुळाची ढेप पाठवतेय, लोणचं मी पिशवीतून काढून ठेवलंय.

तुझा,
आबा

ता.क. बीपी मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं, अर्धा तास आधी चहा नाही, हात छातीच्या उंचीवर टेकवायचा. सकाळ-संध्याकाळ आकडा लिहून ठेव आणि आठवड्यानं मला कळव. खरा आकडा कळव.