इतर हक्कांचा रकाना

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

गाडीचे टॉप मॉडेल घ्यावे की त्याच्या खालचे, असे तू परवा फोनवर विचारलेस तेव्हा मी "बघू" एवढेच म्हटले. त्याच दिवशी सकाळी मी आणि तुझी आई साताऱ्याच्या शोरूममध्ये दोन तास बसून आलो होतो. तिथे जे पाहिले ते फोनवर नीट सांगता आले नसते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

एकतीस वर्षे तलाठी म्हणून नोकरी केल्यामुळे कोणतीही मालकी वाचण्याची माझी एक रीत ठरून गेली आहे. सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे हे सगळेच पाहतात. पण जमीन घेणाऱ्याने आधी ‘इतर हक्क’ हा रकाना वाचावा, असे मी चावडीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे. सोसायटीचा बोजा, कुळाची नोंद, भावकीचा विहिरीतील हिस्सा हे सारे त्या रकान्यात असते, आणि नाव आपले असूनही जमीन आपल्याला हवी तशी वापरता येईल की नाही, हे तिथे कळते. इंटरनेटला जोडलेल्या गाडीवरही असे हक्क असतात, पण ते कुठल्या उताऱ्यावर येत नाहीत.

तू कर्जावर गाडी घेशील तेव्हा आरसीवर बँकेच्या नावे हायपोथिकेशनची, म्हणजे गाडी तारण असल्याची, नोंद होईल, आणि शेवटचा हप्ता फिटल्यावर बँकेची एनओसी व फॉर्म ३५ आरटीओत देऊन ती उतरवता येईल. म्हणजे बँकेचा हक्क लेखी आहे, त्याला मुदत आहे आणि तो काढून टाकण्याचा मार्गही ठरलेला आहे. गाडीला इंटरनेटशी जोडण्यासाठी कारखान्यातच आत बसवलेल्या सिमचे, म्हणजे ई-सिमचे, तसे नाही. त्यातून गाडीचे ठिकाण, वेग, ब्रेक किती जोरात दाबला, गाडी किती वाजता सुरू झाली ही माहिती कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ शकते, आणि उलट दिशेने दार उघडण्याचे, एसी सुरू करण्याचे किंवा गाडीतील सॉफ्टवेअर बदलण्याचे आदेश येऊ शकतात. हा हक्क किती वर्षांचा, आणि नको असल्यास तो कोणत्या अर्जाने उतरवायचा, असे मी विचारले. विक्री करणाऱ्या मुलाला ते सांगता आले नाही. त्यात त्याचा दोष आहे असे मला वाटत नाही. त्याला ते कोणी शिकवलेच नसावे.

ही भीती कल्पनेतली नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाड्यांमधून चालकांच्या सवयींची माहिती गोळा करून ती विमा कंपन्यांना अहवाल पुरवणाऱ्या संस्थांना दिली जात होती, हे मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघड केले. अशी गाडी चालवणाऱ्या एकाने आपल्याबद्दलचा अहवाल मागवला तेव्हा तो अडीचशेहून अधिक पानांचा निघाला, आणि त्यात सहा महिन्यांतील प्रत्येक फेरीची सुरू व संपण्याची वेळ, अंतर आणि जोराने दाबलेले ब्रेक यांची नोंद होती. त्याच्या विम्याचा हप्ता त्याआधीच वाढलेला होता. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई करताना म्हटले की गाडीचे ठिकाण काही वेळा दर तीन सेकंदांनी नोंदवले जात होते, आणि अशी माहिती त्या संस्थांना देण्यास पाच वर्षे मनाई करण्याचे ठरवले.

दुसरे उदाहरण फिस्कर या कंपनीचे. जून २०२४ मध्ये तिचे दिवाळे निघाले, आणि ज्यांनी तिची ‘ओशन’ ही विजेवर चालणारी गाडी घेतली होती त्यांच्यापुढे सॉफ्टवेअर कोण सांभाळणार हा प्रश्न उभा राहिला. शेवटी मालकांनीच संघटना काढून गाड्या चालू ठेवण्याची खटपट सुरू केली. आपल्या आजोबांची जीप बनवणाऱ्या कारखान्याचे काय झाले याच्याशी जीप चालण्याचा काही संबंध नव्हता. गावातला मिस्त्री ती उघडत असे आणि पुन्हा जोडत असे.

हे सगळे मला इतक्या तपशिलाने का कळू लागले, याचे कारण तूच आहेस. ज्या खात्यात आपले बारा वर्षांचे फोटो होते ते एका सकाळी कारण न देता बंद झाले, आणि पुन्हा उघडेपर्यंत तीन आठवडे आपण फक्त अर्ज करत राहिलो. त्यानंतरच्या दिवाळीत तू जुना छोटा संगणक आणि दोन हार्ड डिस्क घेऊन आलीस, त्यावर लिनक्स टाकलेस, कागदपत्रांसाठी नेक्स्टक्लाउड आणि फोटोंसाठी इमिच हे, सारे घरच्याच डिस्कवर ठेवणारे प्रोग्रॅम बसवलेस, आणि तो खोका इन्व्हर्टरला जोडून माझ्या स्वाधीन केलास. त्या वेळी मला ते ओझे वाटले होते. गेल्या पावसाळ्यात जागा मोकळी करताना माझ्या हातून आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या फोटोंचा फोल्डर पुसला गेला, आणि दोन्ही डिस्कवर एकच मजकूर राहील अशी व्यवस्था असल्यामुळे तो दोन्हींवरून त्याच क्षणी गेला. रोज रात्री कोल्हापूरला मामाच्या घरी जाणारी प्रत होती म्हणून फोटो परत मिळाले. दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, हे तू सांगितले होतेस. मला ते त्या दिवशी समजले. आता मी दर रविवारी कोल्हापूरच्या प्रतीतून एखादी फाइल परत आणून उघडते का ते पाहतो, आणि वहीत तारीख घालून नोंद करतो.

आपल्या या खोक्यालाही इतर हक्क आहेत, हे मी विसरलेलो नाही. आपल्या इंटरनेटवाल्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असल्यामुळे बाहेरून घरापर्यंत येण्यासाठी तुला एक लहान सर्व्हर भाड्याने घेऊन त्यातून वायरगार्ड या कूटबद्ध जोडणीची वाट काढावी लागली. पण तो वहिवाटीचा रस्ता आहे. बैलगाडी दुसऱ्याच्या बांधावरून जाते, तरी तिच्यातील पोती बांधलेलीच राहतात. मजकूर कूटबद्ध असल्यामुळे वाटेतल्याला तो वाचता येत नाही. अशी पूर्ण न झालेली पण नीट नोंदवलेली मालकी मला चालते, कारण कोणाचा हक्क किती आणि कुठपर्यंत, हे मला वहीत दाखवता येते.

म्हणून गाडी घेताना तू दोन-तीन गोष्टी लेखी विचाराव्यास असे मला वाटते. गाडीच्या इंटरनेट सेवेची फुकट वर्षे संपल्यावर वर्गणी भरली नाही तर नेमके काय बंद पडते. ई-सिम नसलेले मॉडेल मिळते का, आणि मिळत नसेल तर माहिती पाठवणे गाडीच्या पडद्यावरून बंद करता येते का. आणि गाडी विकताना आपले खाते त्यातून कसे काढायचे, कारण ते राहून गेले तर विकलेल्या गाडीचे दार आपल्या फोनवरून उघडू शकते. आपल्याकडे डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि दिलेली संमती मागे घेण्याचा अधिकार त्यात आहे; पण त्यातील बरीच कलमे लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे, म्हणून आज आपणच विचारलेले बरे. नकाशा आणि गाणी यांसाठी फोन जोडला की पुरते. अपघात झाल्यास गाडीतून आपोआप मदतीला फोन जातो, ही सोय मात्र मी कमी लेखत नाही. तू रात्री खंबाटकी घाटातून एकटी येतेस. त्यासाठी टॉप मॉडेल घ्यावेसे वाटले तर घे; काय दिले आणि काय घेतले ते माहीत असू दे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता जे फोनवर सांगता आले नसते ते सांगतो. शोरूममधल्या त्या मुलाने मला स्वतःच्या मोबाइलवर नकाशा उघडून दाखवला आणि म्हणाला, "काका, मुलीची गाडी कुठे आहे ते तुम्हाला घरबसल्या दिसेल, ठरवलेल्या हद्दीबाहेर गेली किंवा वेग वाढला तर लगेच मेसेज येईल." तुझ्या आईचे डोळे पाणावले, आणि माझ्याही मनात क्षणभर आले की हे घ्यावेच. उशिराच्या रात्री तुझी वाट पाहताना आम्हाला काय होते, ते तुला ठाऊक आहे. पण घरी येईपर्यंत मी विचार केला की तुझ्या गाडीच्या इतर हक्कांत, तुला न विचारता, पहिले नाव मीच घालायला निघालो होतो. तू तीस वर्षांची आहेस. घाट उतरलीस की तू स्वतः फोन करतेस, आणि त्यातच आम्हाला समाधान आहे.

बुकिंगचा फॉर्म मी आणून ठेवला आहे. गाडीचे ऍपचे खाते ज्याच्या नावे राहते त्याचा मोबाइल क्रमांक त्यात मागितला आहे, आणि शोरूममध्ये मी सवयीने माझा लिहिणार होतो. ती जागा कोरी सोडली आहे. शनिवारी येशील तेव्हा भर.

तुझे,
बाबा