भरताच्या वांग्यांसोबत गतीचा धडा

मा. संपादक,

खान्देशात थंडी पडली की शेतोशेती भरीत पार्ट्या सुरू होतात. मोठी माणसं वांगी भाजण्यात गुंतलेली, मुलं मोबाईलवर. गेल्या रविवारी आमच्या शेतात मी जरा वेगळं करून पाहिलं.

केळीच्या खोडाचं लांब सोपट सोलून फळीवर पन्हळीसारखं पसरलं. फळीच्या एका टोकाखाली दोन विटा. नातू एका लयीत टाळ्या वाजवी, नात गोटी सोडी आणि प्रत्येक टाळीला गोटी कुठं होती तिथं विझलेल्या कोळशाने खूण करी. दहाबारा वेळा चुकलं. मग जमलं: पहिल्या टाळीला वीतभर, दुसऱ्या टाळीपर्यंत आणखी तीन विती, तिसऱ्यापर्यंत पाच. एक, तीन, पाच! चारशे वर्षांपूर्वी गॅलिलिओला उतारावर हेच दिसलं होतं. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं, तो बारीक धारेने पडलेलं पाणी तोलून वेळ मोजायचा.

नंतर सोपट काढून नुसत्या फळीवर गोटी आणि बांगडी एकदम सोडली. ‘बांगडी मांगे राहिनी!’ पोरं ओरडली. लहानमोठी कुठलीही बांगडी घ्या, मागेच राहते. तिचं सगळं वजन कडेला असतं, त्यामुळे ती फिरायला जड.

नातवाच्या शाळेत हा धडा फळ्यावर सूत्र लिहून एका तासात उरकला होता. शाळांनी हिवाळ्यात एखादी सहल अशी शेतात काढावी. खर्च शून्य. भरीत मात्र त्या दिवशी थोडं करपलं.

– एक निवृत्त शिक्षक, चोपडा (जि. जळगाव)