गव्हाकडं पण बघा जरा!

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या निफाड पट्ट्यात द्राक्षावर डावणी-भुरी या बुरशीच्या रोगांचा एक ठिपका दिसला की माणूस रात्री बॅटरी लावून फवारणी करतो, पण शेजारच्या दोन एकर गव्हाकडं कोणी ढुंकून बघत नाही. यंदा मीच फसलो. जानेवारीत ढगाळ हवा, सकाळी धुई, गव्हाला पाणी भरायला गेलो तर पांढऱ्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत नारिंगी पावडर, पान बोटात धरून ओढलं तर बोटं हळद कुटल्यासारखी! तांबेरा तो, गव्हावरचा बुरशीचा रोग. पण दुकानदार म्हणाला पानं पिवळी पडलीत, युरिया टाका, आणि मी शहाणा टाकून मोकळा झालो, नत्र जास्त झालं की तांबेरा अजून फोफावतो हे नंतर कळलं. प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक लिटरभर पाण्याला १ मिली, पानावर पहिले फोड दिसले तेव्हाच मारायला हवं होतं.

त्यात बियाणं घरचंच, लोक-१. चपाती झकास होते म्हणून सुटत नाही, पण तांबेऱ्याला लगेच बळी पडतं. आपल्याच कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रानं त्र्यंबक, तपोवन, फुले समाधान असे तांबेऱ्याला दाद न देणारे वाण दिलेत, ते सोडून आपण जुनंच धरून बसतो. घरच्या बियाण्यातून काणी येते ती वेगळीच, ही पण बुरशीच, दाण्याच्या आत लपलेली असते, ओंबी काळी पडल्यावरच कळतं, तेव्हा पेरणीआधी बियाण्याला बुरशीनाशक चोळून बीजप्रक्रिया कराच.

द्राक्षाचा सल्ला तुम्ही छापता, हिवाळ्यात गव्हासाठी पण एक चौकट द्या की.

– एक शेतकरी, निफाड, जि. नाशिक