अमेरिकेतली कपात आणि आपली घरची पेन्शन : केंद्रीय कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय कामगार व रोजगार मंत्री,
नवी दिल्ली

स.न.वि.वि.

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर सहा वर्षं अमेरिकेत नोकरी करून पुण्याला परतलेल्या माणसाला तिथल्या सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शन योजनेतून निवृत्तीवेतन मिळत नाही. भरलेले पैसेही परत मिळत नाहीत. कपात मात्र पहिल्या पगारापासून सुरू होते : सोशल सिक्युरिटीसाठी ६.२ टक्के, मेडिकेअर या म्हातारपणीच्या सरकारी आरोग्यविम्यासाठी १.४५ टक्के. तेवढीच रक्कम कंपनी भरते. वर्षाला एक लाख डॉलर पगार धरला तर माणसाच्या खिशातून ७,६५० डॉलर जातात. सहा वर्षांचे होतात ४५,९०० आणि कंपनीचा वाटा मिळवला तर ९१,८००.

निवृत्तीवेतनासाठी ४० क्रेडिट, म्हणजे तिथल्या कामाचे गुण, लागतात. वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात, म्हणजे किमान दहा वर्षं हवीत. एच-वन-बीची मुदत साधारणपणे सहा वर्षांची. ग्रीन कार्डच्या रांगेत नंबर लागला असेल तर ती वाढते आणि असे लोक दहा वर्षं पूर्ण करतातही. पण आईवडील थकले म्हणून, मुलांची शाळा इकडे करायची म्हणून किंवा नोकरी गेली आणि साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही म्हणून जे परत येतात, त्यांची २४ क्रेडिट तिकडेच पडून राहतात. मेडिकेअरचं तर बोलायलाच नको. भारतातल्या दवाखान्यात ते चालतच नाही.

मी पुण्यात लहान कंपन्यांची पगारपत्रकं आणि पीएफची कामं करते. बाणेर, हिंजवडी, खराडी या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत आज कुणी ना कुणी अमेरिकेत आहे किंवा नुकतंच परत आलेलं आहे. त्यामुळे तिकडच्या सॅलरी स्लिपही माझ्यापुढे येतात. आपल्याला हे पत्र लिहिण्याचं कारण असं, की या प्रश्नाचा मोठा भाग आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो आणि त्याकडे कुणी त्या नजरेनं पाहत नाही. अमेरिका आडमुठी आहे, एवढं म्हणून आपण गप्प बसतो.

आधी विद्यार्थ्यांबद्दल, कारण तिथे कायदा आजही आपल्या मुलांच्या बाजूनं आहे आणि तरी पैसे जातात. माझ्या बहिणीच्या मुलानं शिक्षण संपल्यावर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, नोकरी धरली. त्याची स्लिप बहिणीनं मला पाठवली आणि विचारलं, "ताई, एवढे कशाचे गं कापलेत?" स्लिपवर फेडरल करासोबत दोन ओळी होत्या, ओएएसडीआय (म्हणजेच सोशल सिक्युरिटी) आणि मेडिकेअर. त्या दोन्ही तिथे असायलाच नको होत्या. एफ-वन व्हिसावरचा विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं करासाठी अनिवासी धरला जातो आणि त्या काळात ओपीटीच्या पगारावर या दोन्ही कपाती लागत नाहीत. अमेरिकी करकायद्याच्या कलम ३१२१ (बी)(१९) मध्ये ते स्पष्ट लिहिलेलं आहे. यातही एक मेख आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात विमानातून उतरलेल्या मुलाचंही ते एक पूर्ण वर्ष मोजलं जातं. कंपनीच्या पगार विभागानं त्याला सांगितलं, सिस्टिममध्ये सगळ्यांचंच कापलं जातं. त्यानं कलमाचा उल्लेख करून लेखी मागणी केली, व्हिसा आणि आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) यांच्या प्रती जोडल्या, तेव्हा कपात थांबली आणि कापलेले पैसे परत आले. कंपनीनं नकार दिला असता तर फॉर्म ८४३ आणि ८३१६ भरून थेट तिथल्या कर खात्याकडे जावं लागलं असतं, तेही साधारण तीन वर्षांच्या आत.

हे त्याला माहीत झालं ते घरात पगारपत्रकं वाचणारी मावशी होती म्हणून. शैक्षणिक कर्ज काढून गेलेल्या मुलाला महिन्याचे चार-पाचशे डॉलर म्हणजे इकडचा हप्ता असतो. ही माहिती मराठीसह भारतीय भाषांत सरकारी संकेतस्थळावर आणि वकिलातींच्या पानांवर ठेवायला कोणत्याही कराराची गरज नाही.

आता कराराकडे येते. एकाच माणसाची दोन्ही देशांत पेन्शन कपात होऊ नये म्हणून देश आपसांत जे सामाजिक सुरक्षा करार करतात, ते आपल्याला नवीन नाहीत. बेल्जियमशी झालेला करार २००९ पासून अमलात आहे. त्यानंतर जर्मनी, फ्रान्स, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे अनेक देश आले. चाकणच्या जर्मन कारखान्यातला इंजिनिअर कंपनीच्या कामासाठी जर्मनीला जातो तेव्हा पीएफ कार्यालयाकडून कव्हरेजचं, म्हणजे आपली कपात इथे चालू असल्याचं, प्रमाणपत्र घेऊन जातो आणि ठरावीक मुदतीपर्यंत तिथली पेन्शन कपात त्याला लागत नाही. जपानसाठी ही मुदत पाच वर्षांची आहे. प्रमाणपत्राचा अर्जही ऑनलाइन होतो. ही यंत्रणा आपल्याच खात्यानं उभी केली आहे आणि ती चालते, हे मी रोजच्या कामातून सांगू शकते. ब्रिटननंही २४ जुलै २०२५ च्या व्यापार करारासोबत तीन वर्षांच्या सवलतीची तयारी दाखवली. अमेरिकेनं १९७८ मध्ये इटलीपासून सुरुवात करून जवळपास तीस देशांशी असे करार केले आहेत. दक्षिण कोरिया त्यात आहे, ब्राझीलही आहे. आपण नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो हिंजवडीच्या कँटीनमध्येही ऐकू येतो आणि भाषणांतही. करार झाला की सगळ्यांची कपात बंद होईल, असं नाही. भारतीय कंपनीनं इथल्या पगारपत्रकावर ठेवून डेप्युटेशनवर पाठवलेल्या माणसाची कपात थांबेल. कंपनीअंतर्गत बदलीच्या एल-वन व्हिसावरचे बरेच जण यात येतात. आज त्यांचा इथे पीएफ आणि तिथे सोशल सिक्युरिटी असा दुहेरी भुर्दंड पडतो. अमेरिकी कंपनीनं थेट नोकरीवर घेतलेल्या माणसाची कपात चालूच राहील. त्याला फायदा दुसरा आहे : दोन्ही देशांतली वर्षं जोडली जातील. तिथली सहा आणि इथली दहा एकत्र धरली की तो पात्र ठरेल आणि तिथल्या वर्षांच्या प्रमाणात पेन्शन मिळेल. माझ्या मते परतणाऱ्यांसाठी हाच भाग जास्त मोलाचा आहे.

आणि इथेच आपण अडकतो. अमेरिकेचा कायदा असा करार फक्त त्या देशाशी करू देतो, ज्याची सामाजिक सुरक्षा व्यवस्था सर्वसाधारणपणे लोकांना लागू आहे आणि म्हातारपणी, अपंगत्वात किंवा मृत्यूनंतर नियमित रक्कम किंवा तिच्या तोडीचा लाभ देते. भारताची व्यवस्था या कसोटीला उतरत नाही, ही त्यांची जुनी हरकत आहे. ती ऐकून राग येतो. पण पीएफसोबतच्या आपल्या ईपीएस या पेन्शन योजनेकडे एकदा त्यांच्या नजरेनं पाहा. पगाराची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ ला १५,००० रुपये झाली. त्या तारखेनंतर पहिल्यांदा नोकरीला लागलेल्या आणि मूळ पगार त्याहून जास्त असलेल्या माणसाला ही पेन्शन योजना लागूच नाही, त्याचे सगळे पैसे पीएफमध्ये जातात. म्हणजे गेल्या दहा वर्षांत इथल्या आयटी कंपन्यांत लागलेल्या बहुतेक मुलांच्या खात्यावर पेन्शनचं एकही वर्ष नाही. उद्या अमेरिका म्हणाली, आणा तुमची वर्षं, जोडू या, तर त्यांनी काय आणायचं? आणि जे योजनेत आहेत, त्यांना १५,००० च्या हिशोबानं ३५ वर्षांच्या नोकरीनंतर महिन्याला मिळतात ७,५०० रुपये.

म्हणून माझी पहिली विनंती वॉशिंग्टनबद्दल नाही. ही मर्यादा वाढवा आणि मर्यादेवरच्यांना पेन्शन योजनेत येण्याचा मार्ग द्या. अमेरिकेचा विषय बाजूला ठेवला तरी हे करायलाच हवं. माझ्याकडच्या लहान कंपन्यांतल्या सुपरवायझरनाही याची तितकीच गरज आहे. आणि बोलणी होतील तेव्हा पीएफची वर्षंही सामाजिक सुरक्षेचा काळ म्हणून मोजली जावीत, असा मसुदा आपल्या खात्यानं तयार ठेवावा. २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेशी व्यापार कराराची बोलणी जाहीर झाली. आयातशुल्काच्या चर्चेत हा विषय मागे पडू नये म्हणून वाणिज्य आणि परराष्ट्र मंत्र्यांकडे पाठपुरावा करणारं कुणीतरी हवं. ते आपण असावं, कारण पीएफ कार्यालय आपल्याकडे आहे.

आपणही परक्यांशी फार वेगळं वागत नाही, हेही मनापासून सांगावंसं वाटतं. २००८ पासून करार नसलेल्या देशातून इथे कामाला आलेल्या माणसाचा पीएफ पूर्ण पगारावर कापला जातो, १५,००० ची मर्यादा त्याला नाही, आणि साधारणपणे ५८ वर्षांचा होईपर्यंत ते पैसे त्याला काढता येत नाहीत. दोन वर्षांसाठी आलेला अमेरिकी इंजिनिअर त्याची स्लिप घेऊन बसतो तेव्हा त्याचे प्रश्न अगदी माझ्या भाच्यासारखेच असतात. समोरच्या देशावर दबाव यावा म्हणून हा नियम आणला, असं सांगितलं जातं. इतक्या वर्षांत त्या दबावानं अमेरिकेशी करार झालेला नाही. कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये ही तरतूद रद्द ठरवली, दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये ती वैध मानली. न्यायालयांच्या निकालांची वाट पाहण्यापेक्षा, परत जाणाऱ्याला त्याचे पैसे नेऊ देण्याचा प्रस्ताव आपणच टेबलावर ठेवावा आणि त्याच्या बदल्यात आपल्या माणसांसाठी तेच मागावं.

पुण्यातलं पीएफ कार्यालय परदेशातून परतलेल्यांसाठी महिन्यातून एक दिवस राखून ठेवणार असेल, तर त्या दिवशी कागद तपासायला मी आणि माझ्या ओळखीचे पेरोलवाले विनामोबदला येऊन बसू. आपण तारीख कळवावी.

आपली,
पुण्यातली एक पगारपत्रक सल्लागार