जाहीर आभार

आईच्या उपचारांसाठी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाजवळ राहण्याची सोय पाहताना, तेथील लॉजचे दर ऐकूनच धडकी भरलेल्या आम्हा कोल्हापूरकरांना महालक्ष्मी एक्सप्रेसमधील ज्या सहप्रवासी गृहस्थांनी कल्याणला उतरून डोंबिवलीत खोली पाहण्याचा सल्ला दिला, त्यांचे मनःपूर्वक आभार. ज्या काकूंनी डिपॉझिट न घेता खोली दिली आणि आईला तिखट वर्ज्य असल्याचे कळताच मऊ भाताचा डबा दाराशी ठेवण्यास सुरुवात केली (तांबड्या रश्श्याची सवय असलेल्या आईने तो तक्रार न करता संपवला, हे विशेष), त्यांचे ऋण फार मोठे आहे. जलद लोकलने दादर आणि तेथून धीम्या गाडीने परळ, हा मार्ग समजावणाऱ्या, तसेच ऐन गर्दीत आईसाठी उठून जागा देणाऱ्या अनोळखी भगिनींचेही आम्ही आभारी आहोत.

– एक कुटुंब, शिवाजी पेठ, कोल्हापूर